परतीच्या पावसात प्रचितगड चढावा का?

ताई, नमस्कार.

मी जयगडचा, घरची बोट आहे. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही अकराजण संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपुरातून प्रचितगड चढायचं म्हणतोय. सोबत माझे वडील (वय ५८) आणि बहिणीची बारा वर्षांची मुलगी आहे. आधी पऱ्या (डोंगरातला ओढा) ओलांडायचा, मग जंगल, मग घसाऱ्याची, म्हणजे सुट्या माती-दगडांची, खडी चढण आणि शेवटी लोखंडी शिडी, असं जाऊन आलेले सांगतात. गेल्या रविवारी सराव म्हणून जवळच्याच एका डोंगरावर गेलो. निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं आणि दुपारी तीनला विजांच्या पावसात सापडलो. मी परत फिरू म्हणालो, तर मोठा चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "दर्यावर जाणारा तू, आणि पावसाला भितोस?" मग वरपर्यंत गेलोच. काही झालं नाही, पण मला ते पटलेलं नाही. हवामान खात्याचा पिवळा इशारा असेल तर जायचं की नाही? मध्येच हवा फिरली तर काय करायचं? आणि भांडण न होता मागे कसं फिरायचं? बूट कुठले घ्यावेत तेही सांगा.

— एक वाचक, जयगड

नमस्कार.

थेट उत्तर आधी देते. अकराजणांनी, त्यात बारा वर्षांची मुलगी, दसऱ्याच्या आठवड्यात प्रचितगड चढू नये. हाच गड डिसेंबर-जानेवारीत चढा, जरूर चढा. तुमच्या भावाला हे एका वाक्यात पटणार नाही, म्हणून कारणं सविस्तर लिहिते. तुमच्यातले चार-पाच धडधाकट तरीही दसऱ्यालाच निघणार असतील, तर त्यांनी काय पाळायचं तेही खाली आहे.

आधी हवेचं. जुलैचा पाऊस दिवस दिवस लागून राहतो, त्यामुळे माणूस सावध तरी असतो. परतीचा पाऊस तसा वागत नाही. मुंबईहून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, आणि दक्षिणेकडे रत्नागिरीतून तो त्यानंतर निघतो. या दिवसांत सकाळ स्वच्छ असते. ऊन चढतं, समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीला भिडून वर उचलली जाते, आणि दुपारी दोन-तीनपर्यंत घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे उभे राहतात. वरच्या थरातला वारा तोवर पूर्वेकडून वाहू लागलेला असतो. म्हणजे ढग तयार होतो गडाच्या पाठीमागे आणि डोंगराच्या धारेवरून कोकणात उतरतो. तुम्ही पश्चिमेच्या उतारावर, डोक्यावर निळं आभाळ, आणि कड्यामागे काय शिजतंय ते दिसायला मार्गच नाही. दर्यावर तुम्हाला चारी दिशांचं आभाळ दिसतं. डोंगराच्या कुशीत अर्धं आभाळ कड्याने झाकलेलं असतं. गेल्या रविवारी तुमची फसगत झाली ती यामुळे. तुम्ही घाबरट आहात म्हणून नव्हे.

आता इशाऱ्याचं. हवामान खात्याचा रंग जिल्ह्यासाठी असतो, आणि रत्नागिरी जिल्हा जयगडच्या दीपगृहापासून सह्याद्रीच्या धारेपर्यंत पसरलेला आहे. तुमच्या अंगणात सुकत घातलेली मासळी कडकडीत वाळत असताना शृंगारपुरावर ढग फुटलेला असू शकतो. म्हणून नुसता रंग पाहू नका, खालची ओळ वाचा. नारिंगी किंवा लाल असेल तर बेत रद्द, त्यात चर्चा नको. पिवळा असेल आणि पुढे 'मेघगर्जनेसह' किंवा 'विजांच्या कडकडाटासह' असे शब्द असतील, तरी शिडीचा गड रद्द. निघायच्या सकाळी खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि मुंबईच्या रडारचं चित्र पाहा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, ते फोनमध्ये घ्या. पण दरीत शिरल्यावर रेंजचा भरवसा धरू नका. ही सगळी माहिती पायथ्याला पाहून घ्यायची आहे, वर गेल्यावर मिळेल म्हणून सोडून द्यायची नाही.

याहून मोठी गोष्ट, जी लोक विचारतच नाहीत: आदल्या दोन-तीन दिवसांत तिथे किती पडला? आजचं ऊन काल भिजलेल्या मातीला एका दिवसात घट्ट करत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी गाडली गेली ती दिवसेंदिवस पाणी पिऊन जड झालेल्या उतारामुळे. ऑक्टोबरात एवढा पाऊस सहसा नसतो हे मान्य. तरी सलग दोन दिवस झोडपून गेला असेल, तर घसाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. शृंगारपुरात फोन करून विचारा. गावातला माणूस "पऱ्याला पाणी आहे" म्हणाला की त्या एका वाक्यात तुम्हाला हवं ते सगळं आलं.

पऱ्याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण माझ्या मते या वाटेवर खरा धोका शिडीपेक्षा तिथे जास्त आहे. शिडी पाहून माणूस आपोआप जपतो. पऱ्या सकाळी घोट्याएवढा असतो, मुलं त्यात खेळतात, फोटो निघतात. मग दिवसभर तुम्ही वर. संध्याकाळी दमून, भिजून, अंधाराच्या आधी गाव गाठायचं म्हणून घाईने उतरता, आणि तोच पऱ्या मांडीपर्यंत, गढूळ, दगड लोटत चाललेला. पलीकडे गाडी दिसते आहे. इथे माणसं पाण्यात उतरतात आणि इथेच वाहून जातात. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला आणि चिपळूण वाशिष्ठीखाली गेलं. पाऊस पडतो वर आणि पाणी येतं खाली, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. तुमच्या जयगडच्या खाडीत येणारी शास्त्रीसुद्धा याच डोंगरांतून निघते.

जाताना पऱ्यापाशी पाच मिनिटं द्या. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवा किंवा ठळक दगड हेरून ठेवा, आणि फोनवर त्याचा फोटो काढा. परतताना पाणी त्याच्या किती वर आलंय ते पाहून कळेल. वाढणाऱ्या पाण्याच्या खुणाही ओळखून ठेवा. स्वच्छ पाणी एकाएकी चहाच्या रंगाचं होतं, वाळकी पानं आणि काटक्या भराभर येऊ लागतात, आवाजात घरघर मिसळते. ते तळातले दगड गडगडत असतात. यातलं एकही दिसलं की पाण्यातल्यांनी जवळच्या काठावर यायचं, सामान राहिलं तर राहू द्यायचं. गुडघ्याच्या वर आणि जोरात वाहणारं पाणी असेल तर उतरायचं नाही. थांबायचं. या पऱ्यांचं पाणलोट लहान, त्यामुळे वरचा पाऊस थांबला की बहुतेक वेळा तास-दोन तासांत पाणी ओसरायला लागतं. कोरडा कपडा, खायला काही आणि विजेरी जवळ असेल, तर काठावर दोन तास बसणं अवघड नाही. सगळ्यांना पाण्यात ओढून नेते ती गाडी चुकेल, घरचे रागावतील ही धास्ती. ती धास्ती घरूनच काढून टाकून निघा: उशीर होईल, कदाचित रात्र होईल, असं आधीच सांगून ठेवा. आणखी एक. वाहत्या पाण्यात कुणाच्या कमरेला दोर बांधून त्याला पुढे सोडू नका. पाय सुटला की दोर ताणला जातो आणि पाण्याचा लोट माणसाला खाली दाबून धरतो. पाठीवरच्या पिशवीचा पट्टाही पाण्यात उतरताना सोडलेला असावा.

वाट वर चढते तशी ती कधी नाळेतून (दोन उतारांमधल्या अरुंद घळीतून), कधी सोंडेवरून (डोंगराच्या उतरत्या कण्यावरून) जाते, आणि दोन्हीकडचा धोका उलटा असतो. पाऊस कोसळत असेल तर नाळ सोडायची, कारण डोंगराचं पाणी आणि सुटलेले दगड तिच्यातूनच येतात. विजा असतील तर सोंड, धार, माथा सोडायचा. परतीचा पाऊस पाणी आणि वीज दोन्ही एकदम आणतो, म्हणून त्यात अडकल्यावर बरी जागा शोधणं कठीण होतं. दसऱ्याला नको म्हणते त्याचं मुख्य कारण हेच.

वीज दिसली की मनात सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्यात तुम्ही उतरायला लागलेलं असायला हवं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा वर जायचं नाही. लोखंडी शिडीपासून दूर, एकट्या झाडापासून दूर, उथळ कपारीच्या तोंडाशीही नको. एकमेकांना बिलगून बसायचा मोह होतो. तसं न करता पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवा, म्हणजे एका विजेने सगळे एकदम सापडणार नाहीत. पाय जुळवून उकिडवं बसणं हा शेवटचा उपाय आहे, त्याने माणूस सुरक्षित होतो असं समजू नका. आडवे मात्र मुळीच पडू नका.

घसाऱ्यावर चढण्यापेक्षा उतरणं वाईट. मुरूम ओला झाला की पायाखाली सरकतो. गवताला धरू नका, मुळासकट हातात येतं. कारवीचं हिरवं खोड बुंध्यापाशी धरलं तर आधार देतं, वाळलेलं काडकन मोडतं. एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने उभं राहायचं नाही. दगड सुटला तर त्याच्याकडे पाहत बसण्याआधी मोठ्याने "दगड!" ओरडायचं, आणि खालच्यांनी वर न बघता कड्याला चिकटायचं.

शिडी ओली असेल तर आणखी जपा. पायरीवर बुटाच्या चिखलाचा थर बसतो, मागच्या माणसाचा पाय त्यावरून सटकतो. चढणाऱ्या प्रत्येकाने आधी बूट दगडावर घासून चिखल काढावा. एका वेळी एकच माणूस. दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात सतत टेकलेले. उतरताना तोंड शिडीकडे. पहिल्या माणसाने वजन टाकण्याआधी शिडी हलवून पाहावी, गंजलेल्या जोडांकडे बघावं. पुढच्याने वर पोचून हाक दिल्यावरच दुसऱ्याने हात लावायचा. अकराजणांना असं चढवायला आणि उतरवायला किती वेळ लागेल याचा हिशेब करा. आभाळ भरून आलं असताना निम्मे वर आणि निम्मे खाली, ही स्थिती मला तुमच्यावर यायला नको आहे.

म्हणून वेळेची मर्यादा. उजाडताच गाव सोडा, त्याआधी नाही. त्या रानात गवे आणि अस्वलं आहेत. अकरा वाजेपर्यंत शिडीच्या पायथ्याशी पोचला नाहीत तर तिथून मागे. गड हाताच्या अंतरावर दिसत असला तरी मागे. साडेबारापर्यंत शिडी उतरून झालेली हवी. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत त्याआधीच दिसेनासं होतं, आणि दमलेल्या पायांनी उतरायला चढण्याएवढाच वेळ लागतो. या हिशेबाने दुपारच्या ढगाच्या वेळी तुम्ही निदान जंगलात, धारेच्या खूप खाली असाल.

आता भावाचं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला "काही झालं नाही" हे वाटलं. पुढच्या वेळी भाऊ हेच वाक्य पुरावा म्हणून पुढे करील. त्याच्याशी डोंगरावर वाद घालू नका. तिथे सगळे दमलेले असतात, वर जायची ओढ असते, आणि जो थांबू म्हणतो तो एकटा पडतो. ठरवायचं ते आदल्या रात्री घरी, जेवण झाल्यावर, सगळे बसलेले असताना. तुमच्या बोटीवर शब्द तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचा, असतो, खलाशी भर दर्यात मतं मोजत बसत नाहीत. डोंगरावरही तसा एक तांडेल आधी नेमा. तो वयाने मोठा असलाच पाहिजे असं नाही, त्या वाटेने जाऊन आलेला असावा. तीन अटी मोठ्याने वाचून दाखवा आणि सगळ्यांच्या फोनवर पाठवा: अकराची वेळ, गडगडाट ऐकू येणं, आणि कुणाही एकाचं "मला परत जायचंय". यातली एक जरी लागू झाली तरी मागे, कारण विचारायचं नाही. मग वर गेल्यावर "परत फिरू" म्हणणारा माणूस भित्रा ठरत नाही, त्याने फक्त ठरलेलं सांगितलेलं असतं. भावाला ही यादी त्याच्याच हाताने लिहायला सांगा. माझा अनुभव असा की लिहिणारा माणूस ती मोडायला सहसा पुढे होत नाही.

गावातला वाटाड्या घ्याच. त्याचे पैसे ठरल्याप्रमाणे द्या, वाटेतून परत फिरलात तरी पूर्ण द्या, म्हणजे "आज नको" म्हणताना त्याला संकोच वाटणार नाही. गडामागचं रान चांदोली राष्ट्रीय उद्यानाचं, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं आहे, तेव्हा वनखात्याला आधी विचारून परवानगीचं पाहा. पोलीस पाटलांकडे सगळ्यांची नावं, घरचे फोन क्रमांक आणि परतायची वेळ लिहून ठेवा, आणि अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर ११२ ला कळवा असं स्पष्ट सांगा. महाराष्ट्रात डोंगरातल्या बचावकार्यासाठी गिर्यारोहकांचं समन्वय केंद्र आहे. त्याचा मदत क्रमांक घरच्यांकडे आणि तुमच्याकडे दोन्हीकडे असू द्या.

सामानाचं थोडक्यात. ऑक्टोबरच्या उन्हात खालच्या चढणीवरच माणूस निम्मा संपतो, त्यामुळे माणशी तीन लिटर पाणी आणि मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाऱ्यात अंग गार पाडते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कोरडा सदरा प्रत्येकाकडे हवा. आपल्या डोंगरात थंडीने काय होणार, असं म्हणू नका. चिंब भिजलेला, वाऱ्यात उभा असलेला, दमलेला माणूस कुडकुडायला लागतो, मग त्याची जीभ जड होते, बोटांनी गाठ सुटत नाही. असं दिसलं की ओले कपडे काढा, कोरडे घाला, दोघांच्या मध्ये बसवा, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की खायला द्या. विजेरी प्रत्येकी एक, फोनच्या दिव्यावर विसंबू नका. गवत या दिवसांत कमरेएवढं असतं आणि आपल्याकडे फुरसं भरपूर, म्हणून काठीने गवत हलवत चला आणि दिसत नाही तिथे हात घालू नका. साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही न करता तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन करा.

वडिलांचं आणि भाचीचं. ५८ हे वय डोंगराला आड येत नाही. पण वडिलांना रक्तदाब, साखर किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्या आधीचे दोन-तीन आठवडे त्यांना रोज तासभर चढ-उतार चालू द्या. बोटीवरच्या कामाने हात आणि कंबर दणकट होतात, उतरणीवर मांड्या लागतात. भाचीला ओल्या शिडीवर, सुरक्षेचा दोर आणि तो बांधता येणारा माणूस असल्याशिवाय नेऊ नका. तिला दसऱ्याला कुठे न्यायचंच असेल तर देवरुखकडून मार्लेश्वरला न्या. पायऱ्यांची वाट आहे, गुहेतला महादेव आहे, धारेश्वराचा धबधबा त्या दिवसांत भरलेला असतो, आणि घरचे सगळे जाऊ शकतात. धबधब्याखाली उतरू देऊ नका, लांबून दाखवा. तिथल्या पायऱ्यांवर ती आणि वडील कसे चढतात ते तुम्हालाही पाहता येईल.

राहिले बूट. महाग असण्याची गरज नाही. तळ मऊ रबराचा, खाचा खोल, आणि घोटा आवळून धरणारा हवा. गुळगुळीत झालेले धावायचे बूट शेवाळलेल्या कातळावर घसरतात, आणि बोटीवरचे गमबूट तर आणूच नका, पऱ्यात पाणी शिरलं की पाय उचलत नाही. अर्धा नंबर मोठा घ्या, कारण उतरताना बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात. दुकानातून थेट गडावर न जाता आधी पंधरा दिवस जयगडच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) ते घालून फिरा. लेस दोन जोड ठेवा.